समुद्राचे मुद्दल

लकडगंजातील जुन्या लाकूड व्यापाऱ्याला 'कूप' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. चंद्रपूर, आलापल्ली, बल्लारशाकडील जंगलांची वनखात्याने आखणी केलेली असते. जंगलाचे तुकडे पाडायचे, त्यांपैकी ठरलेला तुकडाच त्या वर्षी तोडीला काढायचा, त्यातही ज्या सागाचा घेर मापात बसत नाही त्याला हात लावायचा नाही, आणि हातोड्याचा ठसा नसलेला ओंडका वाहतुकीला निघाला तर तो चोरीचा समजायचा, असा हा व्यवहार आहे. नियम मोडणारे निघतात, चोरटी तोडही होते. तरीही हिशेब कसा मांडायचा याबद्दल या धंद्यात मतभेद नाही. उभे जंगल हे मुद्दल आणि त्याची वर्षाची वाढ हे व्याज. व्याजावर व्यापार करणाऱ्याच्या नातवालाही गादीवर बसता येते. मुद्दल विकणाऱ्याचा मुलगाच दुसरा धंदा शोधू लागतो.

आज लकडगंजच्या वखारींत देशी सागाच्या बरोबरीने कांडला बंदरात उतरलेले न्यूझीलंडचे पाइनही दिसते. म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या बाजाराचा माल समुद्रावरूनच येतो. पण ज्या पाण्यावरून तो येतो त्या पाण्याखाली काय शिल्लक आहे, याची चर्चा येथे सहसा होत नाही. त्याचे कारणही उघड आहे. ज्या घरांत मासळी कधी आली नाही, त्या घरांना मासेमारीच्या बातमीत स्वतःशी जोडलेले काही दिसत नाही. वर्तमानपत्रात ती आली तर नजर पुढच्या बातमीवर जाते.

समुद्राच्या बाबतीत पहिली अडचण अशी की तेथे मुद्दल दिसत नाही. जंगलातील झाडे मोजता येतात, पाण्यातील मासे येत नाहीत. बंदरावर किती माल उतरला यावरूनच आत किती उरला असेल याचा अंदाज बांधावा लागतो. दुकानातील साठा न पाहता केवळ विक्रीच्या वहीवरून दुकानाची स्थिती ठरवावी, तसाच हा प्रकार. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने केलेल्या नोंदीनुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये हा आकडा २.०१ लाख टनांवर आला. पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही चक्रीवादळे लागोपाठ आली आणि होड्यांचे बरेच दिवस बुडाले, हे खरे. एका वर्षाच्या तोट्यावरून कोणी दिवाळखोरी ठरवत नाही. पण कोकणातील मच्छीमार जे गाऱ्हाणे अनेक वर्षे सांगत आले, त्याला या आकड्याने आधार मिळाला: अंतर वाढले, डिझेल वाढले, जाळे लांबले, आणि जाळ्यात येणारा मासा मात्र लहान होत गेला.

मासा लहान होणे म्हणजे काय, हे घेर मोजणाऱ्या व्यापाऱ्याला चटकन कळेल. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे गाव पापलेटसाठी प्रसिद्ध. हा मासा एकदा तरी अंडी घालण्याइतका वाढला, तर पुढच्या वर्षाची सोय होते. त्याआधीच तो जाळ्यात आला, तर त्याच्याबरोबर पुढची पिढीही बाजारात जाते. बाळ पापलेटला भावही कमी, कारण वजन भरत नाही. म्हणजे मुद्दल मोडायचे आणि तेही पडत्या भावाने. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला 'राज्य मासा' घोषित केले. असा मान मिळणे हे शुभलक्षण असतेच असे नाही. एखादी वस्तू दुर्मीळ होऊ लागली की तिचा सत्कार होतो. त्याच वर्षी राज्याने चोपन्न जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. जंगलातल्या घेराच्या नियमाचेच हे समुद्रातले रूप. फरक एवढाच की जंगलात कुऱ्हाड चालवण्याआधी झाड दिसते. समुद्रात जाळे वर आल्यावरच आत काय आहे ते कळते, आणि तोवर बहुतेक मासे मेलेले असतात. म्हणून आकाराचा नियम खऱ्या अर्थाने पाळायचा तर तो जाळ्याच्या आसाच्या मापातच पाळावा लागतो.

कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वी नियम नव्हते असे मुळीच नाही. आषाढ लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा पाण्यात लोटल्या जात. खवळलेला समुद्र हे त्याचे उघड कारण, पण अनेक जातींच्या माशांच्या प्रजननाचा काळही नेमका हाच. याच महिन्यांत साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी स्थिर होतात, कारण पावसाळ्यात जमिनीवर जीवोत्पत्ती वाढते आणि पावलागणिक हिंसा घडू शकते. कोळीवाड्याची आणि उपाश्रयाची कारणे वेगळी, वाटा तर फारच वेगळ्या. दोन्हीकडे थांबण्याचे महिने मात्र जवळजवळ तेच. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. जुन्या पंचांगाप्रमाणे नारळी पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. म्हणजे कायद्याने परंपरेतील काही दिवस वाढवले नाहीत, बऱ्याच वर्षी कमीच केले. पारंपरिक मच्छीमार हे लक्षात आणून देतात, आणि त्यांचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे.

मालवणकडे 'रापण' नावाची पद्धत आहे. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी त्याची दोन्ही टोके ओढत आणायची. कष्ट सर्वांचे आणि मिळेल त्यात वाटाही सर्वांचा. भागीदारीचा इतका जुना आणि इतका सरळ नमुना व्यापारी पेठांतही क्वचित सापडेल. या पद्धतीत जाळे किनाऱ्यालगत जेवढे पोहोचेल तेवढेच. उरलेला समुद्र आपोआप शिल्लक राहतो.

नंतर इंजिने आली, ट्रॉलर आले, आणि मग पर्ससीन. पर्ससीन म्हणजे शब्दशः बटव्याचे जाळे. माशांचा थवा हेरून त्याच्याभोवती भिंतीसारखे जाळे फिरवायचे आणि खालच्या कड्यांतून ओवलेली दोरी ओढून तळ आवळून घ्यायचा, बटव्याची दोरी ओढावी तसा. थवाच्या थवा आत राहतो. लहान-मोठा, हवा-नको असा भेद ते करत नाही. शासनाने नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढून आपल्या हद्दीतील, म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांतील, पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळापुरती मर्यादित केली आणि परवान्यांची संख्या ४९५ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचे ठरवले. त्यानंतर वाद संपला असता तर बरे झाले असते. बारा मैलांपलीकडे केंद्राची हद्द सुरू होते. जाळे नेमके कोठे टाकले गेले हे ठरवणे रात्रीच्या समुद्रात सोपे नसते. त्यातच प्रखर एलईडी दिवे पाण्यात सोडून मासे गोळा करण्याची युक्ती निघाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने तीवर बंदी घातली, तरी ती चालूच राहिल्याच्या तक्रारी येत राहिल्या. महाराष्ट्राने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये सुधारला, दंड लाखांच्या घरात नेला आणि कारवाईचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिले. तहसीलदाराच्या टेबलावर सातबारा, निवडणुका, अतिवृष्टीचे पंचनामे असे सारे असताना मासळीची फाइल कितव्या क्रमांकावर राहत असेल, याची कल्पना सरकारी कचेरीत गेलेल्या कोणालाही करता येईल.

पर्ससीनवाल्याला खलनायक ठरवून विषय मिटवणेही योग्य नाही. मोठी नौका, इंजिन आणि जाळे यांची किंमत स्वतःच्या गाठीच्या पैशातून देणारा विरळा. कर्ज असते आणि त्याचा हप्ता असतो. खलाशांना आगाऊ उचल दिलेली असते, बर्फाचे आणि डिझेलचे बिल ठरलेले असते. समुद्रात मासा कमी झाला म्हणून हप्ता कमी होत नाही. उलट हप्ता भरायचा म्हणून नौका आणखी दूर, आणखी रात्री, आणखी बारीक आसाचे जाळे घेऊन जाते. धंदा मंदावला की उधारी वाढवून उलाढाल टिकवणारा दुकानदार आणि ही नौका यांच्यात तत्त्वतः काही अंतर नाही. अनुदाने आणि कर्जे देताना नौकेची क्षमता किती याचा हिशेब बारकाईने होतो. समुद्राची क्षमता किती याचा रकाना त्या अर्जात पूर्वी नसे.

हा प्रवास कोठवर जाऊ शकतो याचे उदाहरण कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात कॉड नावाचा मासा जवळजवळ पाचशे वर्षे पकडला जात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे अजस्र कारखानी ट्रॉलर आले, आणि १९६८ मध्ये एका वर्षात आठ लाख टनांहून अधिक कॉड काढला गेला. त्यानंतर उतार सुरू झाला. तरी १९८० च्या दशकात नौकांना मासा मिळत राहिला आणि साठा ठीक असल्याचा अंदाज बांधला गेला. खरे पाहता उरलेला मासा थोड्या जागी एकवटत होता आणि नवी यंत्रे नेमकी तीच जागा शोधून काढत होती. गोदाम रिकामे होत असताना गल्ल्यावरची विक्री तेजीत दिसावी, तसे झाले. २ जुलै १९९२ रोजी सरकारला मासेमारी बंद करावी लागली. एका फटक्यात तीस हजारांच्या आसपास माणसे बेकार झाली. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ती २०२४ मध्ये उठली, तीही मर्यादित प्रमाणात. बंदीच्या दिवशी जन्मलेल्या मुलाने तोवर बत्तिशी गाठली होती.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील ३७.७ टक्के मत्स्यसाठ्यांतून क्षमतेपेक्षा अधिक उपसा होत आहे. १९७४ मध्ये हे प्रमाण दहा टक्के होते. भारताचे चित्र मात्र कागदावर बरे दिसते. कोचीच्याच संस्थेने २०२२ साली तपासलेल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के निरोगी असल्याचे म्हटले आहे. हा आकडा दडवून भीती घालण्याचे कारण नाही. तो एकत्रित ताळेबंदाचा आकडा आहे, एवढे मात्र लक्षात ठेवावे. शंभर शाखांच्या बँकेचा एकूण नफा वाढलेला असतो तेव्हाही दोन-चार शाखा तोट्यात असतातच, आणि त्या शाखेच्या गावातील ठेवीदाराला एकूण नफ्याचे कौतुक नसते. सातपाटीच्या पापलेटची आणि मालवणच्या रापणीची गणना त्या दोन-चार शाखांत करावी लागेल.

भावाविषयी एक गोष्ट व्यापारी वाचकांना विशेष वाटेल. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका मच्छीमाराच्या जाळ्यात १५७ घोळ मासे आले आणि ते १ कोटी ३३ लाख रुपयांना गेले. बातमी देशभर गाजली. एवढा भाव मांसाचा नव्हता, माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीचा होता. ती वाळवून पूर्वेकडील देशांत औषधी म्हणून विकली जाते, आणि अशा पिशव्यांपासून मिळणारा पदार्थ मद्य नितळ करण्यासाठीही वापरतात. इतर मालात भाव फार चढला की गिऱ्हाईक कमी होते आणि पुरवठा वाढतो. येथे पुरवठा वाढवणे कोणाच्या हाती नाही. मासा जितका दुर्मीळ तितका त्याच्या शोधात जाण्याचा मोह मोठा, अशी ही उलटी बाजारपेठ आहे.

इथपर्यंत वाचून एखादे कुटुंब म्हणेल की हे सारे खाणाऱ्यांचे आणि पकडणाऱ्यांचे पाप, न खाणाऱ्याचा त्यात काय संबंध? न खाणे ही लहान गोष्ट नाही, पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला तो संयम आहे. पण श्रावकाचा आचार केवळ ताटापुरता सांगितलेला नाही. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांबरोबर पंधरा कर्मादाने येतात. ती सर्व आहाराबद्दल नसून आजीविकेबद्दल आहेत. कोणता धंदा करू नये, कशातून पैसा येऊ देऊ नये, याची ती यादी. तिच्यात सरोवर, डोह आणि तलाव आटवण्याचे कर्म आहे, कारण पाणी आटले की त्यातील जलचर तडफडून मरतात. (याच यादीत वनकर्मही आहे, लकडगंजात तो उल्लेख थोड्या हळू आवाजात करावा लागतो.) तलाव आटवणारा मासे खातो की नाही, हा प्रश्न त्या काळीही विचारलेला नाही.

मग आजचा पैसा कोठून कसा फिरतो ते पाहावे. ट्रॉलरच्या जाळ्यात हव्या त्या मासळीबरोबर बारीकसारीक, बाजारात न खपणारी मासळीही येते. मोठ्या माशांची पिल्लेही त्यात असतात. कोळंबीसाठी तळ खरवडणाऱ्या जाळ्यात तर किलोभर कोळंबीमागे कित्येक किलो असे जीव निघतात. पूर्वी ते समुद्रात फेकले जात. आता ते वाळवून त्यांची भुकटी होते आणि ती कोंबड्यांच्या व शेततळ्यातील कोळंबीच्या खाद्यात जाते. खाद्याचा, खाद्याच्या कच्च्या मालाचा, त्याच्या वाहतुकीचा व्यापार करणाऱ्या कितीतरी पेढ्या शुद्ध शाकाहारी आहेत. पोत्यावर छापलेले घटक वाचण्याची सवय त्यांना मालाच्या दर्जासाठी असते. एवढ्या एका ओळीसाठी ते पुन्हा वाचता येतील. डॉक्टरांनी लिहून दिलेली माशाच्या तेलाची कॅप्सूल तर घराच्या औषधपेटीपर्यंत पोहोचते. जवसाचा किंवा शेवाळापासून काढलेल्या तेलाचा पर्याय आहे, विचारला तर सांगितला जातो. मोत्याचे दागिने घडवणाऱ्यांना कालव उघडल्याशिवाय मोती निघत नाही हे ठाऊकच असते. ज्यांनी जीवविचार वाचला आहे त्यांना शंख-शिंपल्यांची गणना द्वींद्रियांत होते हे वेगळे सांगायला नको.

याहून थेट वाट पाण्याची आहे. लकडगंजच्या दक्षिणेला थोड्या अंतरावरून नाग नदी वाहते. तिला नदी म्हणणे आता औदार्याचे ठरेल, पण पावसाळ्यात ती आपले काम करते. गांधीबाग, इतवारी, लकडगंज, कळमना या बाजारांतील पॅकिंगचे प्लास्टिक, सुतळीच्या जागी आलेल्या नायलॉनच्या पट्ट्या, लग्नसमारंभांतील पेले आणि पिशव्या यांपैकी जे नाल्यांत पडते ते पहिल्या मोठ्या सरीबरोबर तिच्यात उतरते. नाग पुढे कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणात नागपूरच्या सांडपाण्याचा त्रास किती होतो हे भंडाऱ्याच्या ढिवर बांधवांना विचारावे. त्यांच्या उपजीविकेचे पाणी तेच. त्यापुढे वैनगंगा आणि वर्धा एकत्र होऊन प्राणहिता बनते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी कोरिंगाची खारफुटी आहे, आणि त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. नागपूरचे सगळे प्लास्टिक तेथवर जात नाही; बरेचसे धरणांत आणि गाळात अडकते. जे पोहोचते ते मात्र शेकडो वर्षे संपत नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकवर बंदी घातली, जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आहे. या बंदीचे काय झाले हे कोणत्याही दुकानाच्या गल्ल्याखाली वाकून पाहिल्यास समजते.

समुद्रात प्लास्टिकचा सर्वांत घातक प्रकार म्हणजे जाळीच. पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत, हरवली तरी कुजून जात. नायलॉनचे जाळे तुटून समुद्रात राहिले तर मालकाविनाच मासेमारी करत राहते. त्यात अडकलेल्या कासवाला श्वास घ्यायला वर येता आले नाही तर ते बुडून मरते. समुद्रातले कासव पाण्यात बुडून मरते हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्याला फुप्फुसेच असतात. डहाणूला जखमी कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. तेथे आणलेल्या कित्येक कासवांचे पुढचे पाय जाळ्याच्या दोरीने कापलेले असतात. ट्रॉलरच्या जाळ्यात लोखंडी गजांची चौकट बसवून कासवाला बाहेर पडण्याची वाट ठेवता येते. आपल्याकडील ट्रॉलरांवर ती सर्रास नाही म्हणून अमेरिकेने समुद्रातून पकडलेली भारतीय कोळंबी घेणे काही वर्षांपूर्वी थांबवले. दयेने न झालेले काम निर्यातीच्या तोट्याने होईल का, हे अजून दिसायचे आहे.

जाळ्यातून जीव सोडवण्याचे काम मात्र होत आहे, आणि ते ज्यांच्याकडून होत आहे त्यांची ओळख या वाचकवर्गाला फारशी नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेरावळकडे १९९० च्या दशकात व्हेल शार्कची सर्रास शिकार होई. जगातील हा सर्वांत मोठा मासा, स्वभावाने गरीब, सूक्ष्म जीवांवर जगणारा. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावण्यासाठी वापरत, पुढे मांस आणि पर परदेशी जाऊ लागले. माइक पांडे यांच्या चित्रपटाने ही शिकार लोकांसमोर आणली आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. कायद्याने शिकार बेकायदा झाली. ती थांबली ती २००४ पासून चाललेल्या लोकमोहिमेमुळे. मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितले की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. 'व्हाली', म्हणजे लाडकी, हे नाव तिला मिळाले. ज्या घरांत लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, तेथे यापुढे अधिक समजावण्याची गरज उरली नाही. कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले आणि गुजरातच्या वनखात्याने कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची व्यवस्था केली.

महाराष्ट्रात तशी योजना डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. वनविभागाचा कांदळवन कक्ष, कांदळवन प्रतिष्ठान आणि मत्स्यव्यवसाय खाते मिळून ती चालवतात. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत सोडले, तर सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत पाहून त्याला जाळ्यापोटी कमाल पंचवीस हजार रुपये मिळतात. मध्यरात्री, हलत्या होडीवर, पाठीमागे खलाशी ओरडत असताना एका हातात सुरा आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून हे करायचे असते. कासवाचे वजन तीस-चाळीस किलो, व्हेल शार्कचे काही टनांत. त्या रात्रीची मासळी फाटलेल्या जाळ्यातून निसटते, तिची भरपाई या योजनेत नाही. मोठ्या नौकेच्या जाळ्याची किंमत पंचवीस हजारांत बसत नाही. मग अर्ज, पडताळणी आणि प्रतीक्षा. हे सारे ठाऊक असूनही सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतचे मच्छीमार जाळी कापतात. ज्याचा व्यवसाय समाजाच्या दृष्टीने हिंसेचा, त्याच्या हातून घडलेले हे अभयदान आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाची कथा त्याच जातीची. तेथे कासवाची अंडी किनाऱ्यावरून उकरून खाल्ली आणि विकली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली आणि ज्यांना अंडी हुडकण्याची कला अवगत होती त्यांनाच राखणदार केले. आता पिल्ले समुद्रात जाताना पाहायला शहरांतून माणसे येतात, गावातील घरांत उतरतात आणि गावाला चार पैसे मिळतात.

जीवदयेचा निधी या समाजात दरवर्षी जमतो, तो पांजरापोळांना आणि गोशाळांना जातो, आणि तेथे त्याची गरज आहेच. निधी पाण्यापर्यंत नेण्याला परंपरेचा आधारही आहे. सोळाव्या शतकात आचार्य हीरविजयसूरींनी अकबर बादशहाकडे ज्या गोष्टी मागितल्या, त्यांत फत्तेपूर सिक्रीजवळच्या डाबर तलावातील मासेमारी थांबवणे ही एक होती, आणि बादशहाने ती मान्य केल्याची नोंद आहे. आजच्या व्यवहारात त्याचे रूप साधे असू शकते. पंचवीस हजारांच्या वर जाळ्याची जी किंमत उरते ती, किंवा त्या रात्री निसटलेल्या मालाचा काही भाग, एखाद्या संघाने उचलावा. त्यासाठी मासेमारीला पैसा दिल्याचा दोष लागतो का, असा प्रश्न कोणी तरी विचारेलच, आणि तो चातुर्मासात गुरुमहाराजांपुढे मोकळेपणाने ठेवावा. पैसा जाळे टाकण्याला जात नाही, कापण्याला जातो, एवढे त्यांना सांगता येईल. किनाऱ्यावरील बंदी ३१ जुलैच्या मध्यरात्री संपते आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पर्युषण आणि दशलक्षण येतात. जीवदयेची बोली लागते त्या दिवसांत ससून डॉकपासून वेंगुर्ल्यापर्यंत हंगामातील पहिली जाळी पाण्यात पडलेली असतात.